मोरीच्या पलीकडे

रोजा ठेवणाऱ्याला विचारा, दिवसातला सर्वांत लांब तास कोणता? बहुतेक जण सांगतील, शेवटचा. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज होऊन गेलेली असते. स्वयंपाकघरात भज्यांचे पीठ भिजलेले असते, कलिंगडाच्या फोडी कापून होतात, खजूर ताटलीत येतात. घरातली बाई वैतागून म्हणते, "सारखं घड्याळाकडे काय बघताय? जरा बाहेर जाऊन या." बाहेर जावे तर सूर्य जागचा हलायला तयार नसतो.

यंदा हा तास मी सायकलवर काढला.

झाले असे, की मुलाची बारावीची परीक्षा सुरू झाली. केंद्र लांब पडते म्हणून मोटारसायकल त्याच्याकडे गेली. जिन्याखाली सात वर्षे उभी असलेली माझी सायकल मी बाहेर ओढली. दुकानदाराने दोन्ही टायर-ट्यूब बदलल्या, ओव्हरऑइल करून दिली आणि विचारले, "चालवणार कोण?" मी म्हटले, "मीच." तो माझ्या पोटाकडे बघून हसला. पण घेतलेल्या पैशांपुरते काम त्याने चोख केले होते.

मी मूळचा दौंडचा. 2009 मध्ये नोकरीसाठी शिरूरला आलो, तो इथलाच झालो. काम रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत. कंपनीची बस पहाटे कोपऱ्यावरून नेते आणि दुपारी तिथेच आणून सोडते. घर, मशीद, बाजार आणि बसचा कोपरा, एवढेच माझे शिरूर. पाहुण्यांना मात्र सांगायचो, "शिरूर आपल्याला पाठ आहे." पहिल्या रोज्याला सायकल घेऊन निघालो आणि दहा मिनिटांत चुकलो. सतरा वर्षे राहतो त्या गावात, घरापासून दोन किलोमीटरवर, मला एका शाळकरी मुलीला रस्ता विचारावा लागला. तिने आधी मला नीट न्याहाळले आणि मग विचारले, "काका, नवीन आलात का?"

सायकलवरच्या माणसाचा संशय येत नाही

पायी चालणारा माणूस तासाला पाचेक किलोमीटर जातो. सायकलवर, अजिबात घाई न करता, बारा-तेरा होतात. शिरूर किंवा दौंडएवढ्या गावाला हा वेग अगदी बेताचा आहे. तासाभरात एक अख्खा भाग गल्लीबोळांसकट पाहून होतो आणि अजानच्या आधी घरी परतता येते. मोटारसायकलवरून गल्ली दिसते, पण माणसे दिसत नाहीत. शिवाय तिचा आवाज आला की ओट्यावरच्या गप्पा थांबतात. सायकल जवळ येऊन पुढे गेली तरी गप्पा चालूच राहतात.

सायकलवरच्या माणसाचा कोणाला संशय येत नाही, हा दुसरा फायदा. अनोळखी गल्लीत मोटारगाडी सावकाश फिरू लागली, तर लोक खिडकीत येतात. सायकलवाला फिरू लागला तर, काही तरी शोधत असेल बिचारा, असे म्हणून हाताने रस्ता दाखवतात. सायकलवाल्याला लोकांची गरजही लागते. कधी हवा भरायची असते, कधी चेन बसवायला चिंधी हवी असते, कधी रस्ताच बंद झालेला असतो. त्यामुळे त्याला दर चौकात कोणाशी तरी बोलावे लागते.

रोज्यात सायकल चालवायची तर काही पथ्ये आहेत. ऊन उतरल्यावर निघावे, चढाला उतरून चालावे, शर्यत लावू नये. साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने हा उद्योग इफ्तारनंतर करावा. आणि खिशात दोन खजूर ठेवावेत. अजान कुठे गाठेल, सांगता येत नाही.

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवर जग पाहायला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटरची फेरी पूर्ण करून मार्च 1928 मध्ये मुंबईत परतले. इराणची वाळवंटे, आल्प्स पर्वत, सगळे त्यांनी पाहिले. साडेचार वर्षांत त्यांनी जग पाहिले, आणि सतरा वर्षांत मला गावाच्या चार आळ्या पाहून झाल्या नव्हत्या.

घोडनदीच्या आळ्या

जुनी माणसे शिरूरला अजून घोडनदी म्हणतात. हे नाव घोड या नदीवरून आले. पण योगायोग असा, की घोडदळाशीही गावाचे नाते आहे. इंग्रजांच्या काळात इथे छावणी होती. 1817 मध्ये उभारलेल्या आणि पुढे पूना हॉर्स म्हणून नाव कमावलेल्या घोडदळाचा मुक्काम बराच काळ इथे होता. याच छावणीतून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. ते सैनिक ज्या गावातून निघाले ते हेच आपले गाव, हे मात्र रोज पुणे-नगर रस्त्यावरून जाताना लक्षात येत नाही.

रामआळी, मारुती आळी, काची आळी, कुंभार आळी, सरदार पेठ. ही नावे मी बिलांवर आणि लग्नपत्रिकांवर वाचली होती. सायकलवरून ती एकेक करून पाहिली. नावात व्यवसाय आहे, नावात जात आहे, नावात देव आहे. आज त्या आळीत त्या धंद्याची किती माणसे उरली, हा वेगळा प्रश्न. एका वाड्याच्या दाराला जुनी कोरीव चौकट आणि आत मोबाइलचे दुकान. दुसऱ्या घरापुढे बाजारातून उरलेल्या मेथीच्या जुड्या निवडत बसलेल्या तीन बाया. एका ओट्यावर पत्ते, शेजारच्या ओट्यावर पोथी.

इंग्रजी अमदानीतली जुनी दफनभूमी मी मुद्दाम शोधली. तिथे कर्नल वॉलेस नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे. तो 1809 मध्ये वारला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लिहिले आहे, की शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतले लोक या गोऱ्या साहेबाला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर आणून ठेवत. दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे पाहतच मी लहानाचा मोठा झालो. तरीही हे वाचून मी थबकलो. परका धर्म, परका देश, अंगावर लष्करी गणवेश. पण माणूस भला वाटला, तर गावाने त्याला आपल्या पिकातला पहिला घास दिला. हे माझ्याच गावाने केले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आणि एक सतराव्या रोज्याची गोष्ट. अनोळखी आळीत चेन पडली. काळ्या हातांनी ती बसवतोय तोवर लांबून अजान ऐकू आली. खिशात खजूर होते, पण ग्रीसने माखलेले हात घालणार कसे? समोरच्या घरातल्या मावशी तांब्या घेऊन बाहेर आल्या. "हात धुवा आधी. उपास सोडायचाय ना तुम्हाला?" त्यांनीच हातावर पाणी घातले, मग पेला भरून दिला. मी खजूर तोंडात टाकला, दुसरा त्यांना दिला. त्यांनी तो पदराला बांधला. म्हणाल्या, "माझी संकष्टी आहे. तुमचं बरंय, सूर्य बुडाला की सुटलात. माझा चंद्र उगवायला साडेनऊ वाजायचे."

घरी जाताना मी हिशेब केला. आमचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि संकष्टी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी येते. म्हणजे दर रमजानमध्ये, सोळाव्या-सतराव्या रोज्याच्या आसपास, एक दिवस असा येतोच, की आमच्या आणि त्यांच्या घरात एकाच संध्याकाळी लोक उपाशी आकाशाकडे बघत असतात. पंचेचाळिशी जवळ आली, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यासाठी चेन पडावी लागली.

दौंडची मोरी

इतके दिवस मी या आळ्यांत का गेलो नव्हतो? वेळ नव्हता, हे उत्तर सोपे आहे. पण ते पूर्ण नाही. त्यासाठी दौंडला जावे लागेल.

दौंड हे रेल्वेने घडवलेले गाव. 1858 मध्ये पुण्याहून लोहमार्ग तिथवर आला, 1878 मध्ये मनमाडचा मार्ग सुरू झाला आणि जंक्शन झाले. नोकरीसाठी कुठून कुठून माणसे आली. तेलुगू, तमिळ, उत्तरेकडची, गोव्याची. गोवा गल्ली, बंगला साइड ही तिथली नावे त्याच काळाची आठवण सांगतात. पण ज्या रुळांनी माणसे आणली, त्याच रुळांनी गावाचे तुकडेही केले. या बाजूचे त्या बाजूला जाणार ते मोरीतून. बाहेरच्या वाचकाला मोरी म्हणजे न्हाणी वाटेल. आमच्याकडे मोरी म्हणजे रुळांखालून जाणारा अरुंद रस्ता. नगर मोरी, कुरकुंभ मोरी. पाऊस पडला की कुरकुंभ मोरीत पाणी साचते आणि गाव दोन भागांत वाटले जाते, हे दौंडकरांना सांगायला नको.

आमचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. असे सरकत सरकत साधारण 33 वर्षांनी तो पुन्हा त्याच ऋतूत येतो. म्हणून यंदाचे ऊन मला 1993 च्या रमजानची आठवण देते. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. भाड्याची सायकल एक रुपया तास. मोरीपलीकडचा माझा एक मित्र आणि मी आठ-आठ आणे काढायचो आणि दांडीखालून पाय घालून आळीपाळीने हाफ पायडल मारायचो. त्या जानेवारीत मुंबईत दंगल झाली होती. रमजान चालू असतानाच 12 मार्चला बॉम्बस्फोट झाले. अब्बा रेल्वेत फिटर होते. ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि मला जवळ बोलावून सांगितले, "काही दिवस मोरीपलीकडे जायचं नाही."

दौंडमध्ये काही झाले नाही. पण ते 'काही दिवस' कधी संपले, हे मला कोणी सांगितलेच नाही. मीही विचारले नाही. पलीकडच्या मित्रालाही त्याच्या वडिलांनी तेच सांगितले होते, हे मला फार उशिरा, त्याच्या लग्नात कळले. दोघांचेही बाप चुकले असे मी म्हणणार नाही. लेकराच्या काळजीने माणूस दार लावून घेतो. पण दार लावणाऱ्याने ते उघडण्याची वेळही सांगायला हवी.

खोली भाड्याने देणे आहे

शिरूरला आलो तेव्हा मी ओळखीच्याची सायकल मागून घेऊन खोली शोधत होतो. एका गल्लीत पाटी दिसली. गल्लीचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. एका आजींनी खोली दाखवली. स्वच्छ, हवेशीर, नळ दारात. भाडे ठरले. चहा झाला. मग त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "घरच्यांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणाल्या, "दिली खोली." पाटी मात्र पुढे दोन महिने तिथेच लटकत होती. मी जाता-येता बघायचो. नंतर मी त्या गल्लीने जाणेच सोडून दिले. आपल्या लोकांत, मशिदीजवळ घर पाहिले. त्या दिवसापासून माझ्या शिरूरमध्येही एक मोरी तयार झाली. ती मला दिसायची, बाकी कोणाला दिसत नव्हती.

या रमजानच्या विसाव्या रोज्याला मी सायकल त्या गल्लीत घातली. छातीत धडधडत होते, आणि ते काही चढामुळे नव्हते. घराच्या जागी आता दुमजली इमारत आहे. कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. हवा भरण्याच्या निमित्ताने थांबलो आणि आजींची चौकशी केली.

"त्या कोरोनात गेल्या," दुकानदार म्हणाला. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"खोली बघायला आलो होतो एकदा. दिली नाही त्यांनी."

तो हसला. "त्यांनी कुणालाच दिली नाही हो. पाटी लावायच्या, आलेल्याला चहा पाजायच्या, गप्पा मारायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, दिली. एकट्या असायच्या ना. माणसं यावीत म्हणून पाटी. शेवटपर्यंत होती."

मी पंपाकडे बघत उभा राहिलो. सतरा वर्षे मी एक जखम जपली होती. ती खरी होती की नव्हती, हे सांगणारे माणूस आता नाही. कदाचित माझे नाव ऐकून त्या खरोखर बिचकल्या असतील. कदाचित मीही त्यांच्या अनेक पाहुण्यांपैकी एक असेन. नावावरून खोली नाकारली जाते, हे काही खोटे नाही. माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो अनुभव आहे. पण या एका घराबाबत मला आता कधीच कळणार नाही. त्याच वर्षी परत जाऊन पुन्हा एकदा चहा प्यायला असता, तर कळले असते.

आणि तिथेच, हवेचे पैसे देताना, मला दुसरी गोष्ट आठवली. ती लिहायला जड जाते, पण रोज्यात लिहितो आहे म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घराच्या वरची खोली रिकामी झाली. एक मुलगा आला. हातात पोलीस भरतीची पुस्तके, बोलणे नम्र. मी नाव विचारले. आडनावावरून काही कळेना, म्हणून वस्ती विचारली. त्याने सांगितली. तो पारधी समाजाचा होता. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पारध्यांनाही तो शिक्का बसला. 1952 मध्ये देशाने तो कायदा रद्द केला. हे सगळे मला माहीत होते. भाषणात मी ते सांगितलेही असेल. त्या मुलाला मात्र मी म्हणालो, "घरच्यांना विचारून सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी म्हणालो, "दिली खोली."

तेच वाक्य, शब्दही तेच. आजींनी मला नाही म्हटले त्याचे कारण मला ठाऊक नाही. मी त्या मुलाला नाही म्हटले त्याचे कारण मात्र मला पक्के ठाऊक आहे.

भूक-तहान मारणे हा रोज्याचा अर्धा भाग. जिभेचा, डोळ्यांचा, हातांचाही रोजा असतो, असे आम्हाला लहानपणापासून सांगतात. मी वीस दिवस तहान मारली होती आणि त्या खोलीचे कुलूप तसेच ठेवले होते.

एकविसाव्या आणि बाविसाव्या रोज्याला मी सायकलवर त्या मुलाला शोधत फिरलो. गावातल्या अभ्यासिका पाहिल्या. भरतीची पोरे पळायला येतात त्या मैदानावर गेलो. त्याने सांगितलेल्या वस्तीवरही गेलो. कच्चा रस्ता होता म्हणून सायकल हातात धरून चाललो. तिथल्या एका म्हाताऱ्याने बाज टाकून बसवले. मुलगा शिरूर सोडून गेला होता. कुठे, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. मी काय काम आहे ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायकलवर आलात एवढ्या लांब?" मी म्हटले, "हो." त्याने नातवाला हाक मारून माझ्या मागच्या चाकातली हवा बघायला लावली.

माफी मागायला गेलो आणि माणूस भेटला नाही. या गोष्टीचा शेवट गोड करून सांगता येत नाही. एवढेच केले, की एका अभ्यासिकेच्या दारावर चिठ्ठी लावून आलो. वरची खोली रिकामी आहे, भाडे अमुक, पत्ता अमुक, विद्यार्थ्यांना प्राधान्य. जो येईल त्याला आधी खोली दाखवायची, चहा पाजायचा आणि चावी देताना नाव विचारायचे, असे घरात ठरवले आहे. बायको म्हणाली, "हे दोन वर्षांपूर्वीच ठरवायचं होतं." तिचे बरोबर आहे.

ईद आठवड्यावर आली आहे. मुलाचे पेपर संपतील, मोटारसायकल परत माझ्याकडे येईल. सायकल जिन्याखाली ठेवणार नाही, एवढे नक्की. ईदच्या दुसऱ्या दिवशी दौंडला जाणार आहे. शिरूरची घोड पुढे दौंडजवळ भीमेला मिळते. नदीला जमते ते मलाही जमायला हवे. तिथे अब्बांची जुनी सायकल अजून आहे. ती घेऊन मोरीतून पलीकडे जाईन. मित्र तिकडेच राहतो. शीरखुर्म्याचा डबा कॅरिअरला लावीन. सांडला नाही म्हणजे झाले.

वाचकहो, तुमच्याही गावात अशी एखादी गल्ली असेल, जिचे नाव तुम्ही रोज ऐकता आणि जिथे कधी गेला नाहीत. लांब नसेल, दोन किलोमीटरच असेल. रोजा असो, संकष्टी असो किंवा काहीच नसो, एका संध्याकाळी सायकल काढा. हवा मात्र थोडी कमी भरा. कोणाला तरी पंप मागावा लागेल.